रविवारच्या दुपारी भुयारात उतरायचंय? जुन्या पद्धतीचा टेबलटॉप आरपीजी पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

हल्ली "डी अँड डी कसं सुरू करायचं" असं विचारणारे बरेच जण भेटतात (डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, बोलून आणि फासे टाकून खेळायचा खेळ, म्हणजेच टेबलटॉप आरपीजी), त्यातले निम्मे तरी स्ट्रेंजर थिंग्ज बघून आलेले असतात आणि सगळ्यांचं घोडं एकाच जागी अडतं. जाडजूड पुस्तकं, चकचकीत कव्हरं, किंमत बघून पोटात गोळा येतो आणि वाचायला घेतलं तर महिना जाईल असं वाटतं. मी त्या सगळ्यांना सांगते की तिथून सुरूच करू नका, जुन्या पद्धतीने सुरू करा. नियम ६०-७० पानांत संपतात, खर्च जवळजवळ शून्य, आणि चार माणसं जमली की तासाभरात खेळ चालू होतो. मी गेली काही वर्षं घरी हेच खेळवतेय, हॉलमध्ये सतरंजी टाकून, म्हणून खाली जे लिहितेय ते सगळं करून बघितलेलं आहे.

आधी हे आलं कुठून ते थोडक्यात सांगते, कारण त्याने पुढचं पटकन कळेल. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डंजन्स अँड ड्रॅगन्स बाहेर पडलं. एका खोक्यात तीन बारक्या पुस्तिका, पहिल्या खेपेला १००० प्रती, आणि खोकी हातानेच भरलेली. त्याआधी ही मंडळी टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायची, म्हणजे एकेका माणसाकडे एकेक फौज. आर्नेसन मिनियापोलिसकडे ब्लॅकमूर नावाचा खेळ चालवायचा, त्यात त्याने फौज काढून घेतली आणि प्रत्येकाला एकेकच माणूस दिला, आणि सांगितलं की हा किल्ला आहे, याच्याखाली भुयार आहे, उतरा. एवढा एकच बदल, पण फौजेचा सेनापती असणं आणि अंधारात मशाल धरून उभा असलेला एकटा माणूस असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोबाईल गेममधले एचपी (किती जीव उरला), लेव्हल (पातळी), एक्सपी (अनुभवाचे गुण) हे शब्द आज पोराटोरांना पाठ आहेत, ते लोकांच्या अंगवळणी पडले ते इथूनच. विल क्राउदर नावाचा प्रोग्रॅमर, जो खऱ्या गुहांमध्येही उतरायचा आणि डी अँड डीही खेळायचा, त्याने १९७६ च्या सुमारास गुहेत फिरायचा एक टेक्स्ट गेम लिहिला आणि तिथून कॉम्प्युटरवरच्या अॅडव्हेंचर गेम्सची रांगच लागली.

जुनी पद्धत म्हणजे काय ते एका वाक्यात सांगायचं तर, उत्तर तुमच्या कागदावर लिहिलेलं नसतं. नव्या खेळांमध्ये खोलीत शिरलं की खेळाडू म्हणतो "मी शोधतो" आणि फासा टाकतो, नशीब चांगलं असेल तर काहीतरी सापडतं. इथे विचारावं लागतं. कपाट भिंतीला टेकलंय का? खालच्या धुळीवर सरकवल्याच्या खुणा आहेत का? मागे हात जातो का? रेफरी, म्हणजे खेळ चालवणारा माणूस, उत्तर देतो, आणि बरोबर जागी हात घातला तर फासा न टाकताच सापडतं. फासा कधी टाकायचा, तर गोष्ट इकडे-तिकडे कशीही जाऊ शकते तेव्हाच. बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पायरी १: नियम मिळवा

१९८१ साली टॉम मोल्डव्हे या लेखकाने डी अँड डीचा बेसिक सेट, म्हणजे नवशिक्यांसाठीचा संच, नव्याने लिहिला, फक्त ६४ पानं, आणि नवशिक्याला समजेल इतकं सरळ लिखाण मला त्यानंतरही फारसं कुठे दिसलं नाही. आता तेच नियम नव्या मांडणीत मिळतात. झालं असं की २००० साली डी अँड डीचे हक्क असलेल्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने एक खुलं लायसन्स काढलं, त्याचा आधार घेऊन लोकांनी जुने नियम पुन्हा लिहून काढले. २००६ ला ऑस्रिक आलं, २००७ ला बेसिक फँटसी आलं ज्याची पीडीएफ फुकट आहे, २०१९ ला ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स आलं ज्याच्या बेसिक नियमांची पीडीएफही फुकट आहे. आणखी सुटसुटीत हवं असेल तर केर्न बघा, तेही फुकट आणि अगदीच थोडक्यात. यातलं कुठलंही एक घ्या आणि पुढे चला, तुलना करत बसू नका, तुलना करण्यात लोकांचं वर्ष जातं आणि खेळ एकही होत नाही. मी खाली जे आकडे देतेय ते १९८१ च्या बेसिकचे आहेत, ओल्ड-स्कूल इसेन्शियल्समध्ये जवळजवळ तसेच सापडतील.

पीडीएफ सगळ्यांना पाठवू नका. रेफरी म्हणून तुम्ही एकट्याने वाचलं तरी पुरतं, बाकीच्यांना नियम येत नसले तरी खेळ अडत नाही, उलट जास्त रंगतो कारण ते नियमाच्या भाषेत न बोलता "मी दार ढकलून बघतो" असं बोलतात.

पायरी २: फासे, किंवा वाटी

४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे फासे लागतात. ऑनलाइन सेट मिळतो, पण तो यायची वाट बघत रविवार घालवू नका. १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला होता तेव्हा खुद्द बेसिक सेटच्या काही खोक्यांत फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे यायचे, ते कापून कपात टाकायचे आणि न बघता एक काढायचा. आम्ही पहिला खेळ तसाच खेळलो, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर १ ते २० लिहून चिठ्ठ्या केल्या, वाटीत टाकल्या आणि भिशीची चिठ्ठी काढतात तशी काढली. एक लक्षात ठेवा, काढलेली चिठ्ठी लगेच परत टाकायची आणि वाटी हलवायची, नाहीतर आकड्यांचा हिशोब बिघडतो. सहा बाजूंचे फासे तर ल्युडोच्या डब्यात असतातच, ते तीन तरी जमवा.

आणि फासे आले की हात लावून बघा. १९८१ च्या खोक्यातले फासे आकडे न रंगवलेले असायचे, सोबत एक क्रेयॉन यायचा आणि तो आकड्यांवर घासून ते भरायचे. मला ही गोष्ट फार आवडते, खेळ सुरू व्हायच्या आधीच पोरांचे हात रंगलेले.

पायरी ३: माणसं बनवा, खेळाडूंनी

तीन ते पाच खेळाडू आणि एक रेफरी. माझ्या टेबलावर मावसबहीण, तिचा नवरा म्हणजे आमचे जिजाजी, बाजूच्या बिल्डिंगमधला दहावीतला मुलगा, आणि एके दिवशी चहा द्यायला आलेली आई बसली ती उठलीच नाही, अशी चार.

सहा गुण असतात, मी ते मराठीतच सांगते: ताकद, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि छाप. प्रत्येकासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, बेरीज लिहायची, आणि याच क्रमाने, आवडलं नाही म्हणून अदलाबदल नाही. लोक इथे कुरकुरतात. "माझी ताकद ६ आली, मला योद्धा व्हायचं होतं." थोडा दम धरा. १८ यायची शक्यता २१६ मध्ये १ आहे, सगळेच मध्यम असतात, आणि ९ ते १२ मध्ये तर फायदाही नाही आणि तोटाही नाही. या खेळात माणूस आधी ठरवून आणायचा नसतो, तो आपल्याला भेटतो. जिजाजींना छाप ५ आली, तेव्हापासून त्यांचा ड्वार्फ, म्हणजे गोष्टींतला बुटका दणकट गडी, कुणाशीही बोलताना आधी घसा खाकरतो आणि मग चुकीचंच काहीतरी बोलतो, आणि हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

मग वर्ग निवडा, म्हणजे तुमचा माणूस कोण आहे ते. योद्धा, धर्मगुरू, जादूगार, चोर, आणि ड्वार्फ, एल्फ, हाफलिंग हे जुन्या बेसिकमध्ये स्वतंत्र वर्गच आहेत. योद्ध्याचा जीव आठ बाजूंच्या फाशाने ठरतो, जादूगाराचा आणि चोराचा चार बाजूंच्या. म्हणजे एखाद्या जादूगाराचा जीव १ सुद्धा येऊ शकतो आणि तरी तो खेळायचा असतो. त्याच्याकडे पहिल्या लेव्हलला दिवसाला एकच मंत्र असतो, वापरला की डोक्यातून पुसला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ करावा लागतो. ही कल्पना गायगॅक्सने जॅक व्हान्स या लेखकाच्या गोष्टींतून घेतली, आणि त्या आडनावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की वेक्ना हे डी अँड डीमधल्या एका दुष्ट जादूगाराचं नाव तयार होतं, तेच नाव जे नंतर स्ट्रेंजर थिंग्जमुळे टीव्हीवर गाजलं.

पायरी ४: बाजारहाट

हा भाग लोक घाईत उरकतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण अर्धा खेळ इथेच जिंकला जातो. तीन फासे टाका, १० ने गुणा, तेवढी सोन्याची नाणी. सरासरी शंभरेक येतात. साखळीचं चिलखत ४०, तलवार १०, ढाल १०, झाले ६०. उरलेल्यात काय? नवा माणूस दुसरं शस्त्र घेतो. जुना खेळाडू ६ मशाली घेतो १ नाण्याला, ५० फूट दोर १ नाण्याला, १२ लोखंडी खुंट्या १ नाण्याला, दहा फुटी काठी १ नाण्याला, आणि तेलाच्या दोन बाटल्या.

काठीने पुढची फरशी ठोकून बघता येते. खुंटी दाराच्या फटीत ठोकली की मागून येणारं कुणी ते उघडू शकत नाही. तेल जमिनीवर ओतून पेटवलं की पाठलाग थांबतो. यातलं काहीही करायला तुमची लेव्हल लागत नाही आणि ताकदही लागत नाही, फक्त सुचावं लागतं. पैसे उरले तर माणसं ठेवा, एक हमाल आणि एक मशालजी. मशाल धरलेल्या हातात ढाल धरता येत नाही, म्हणून मशालजी हवाच. फक्त त्याला नाव द्या आणि नीट वागवा, कारण संकटात तो पळणार की थांबणार हे फाशावर ठरतं आणि तुम्ही त्याच्याशी कसं वागलात ते चांगला रेफरी लक्षात ठेवतो.

पायरी ५: भुयार बनवा, रेफरीने

शाळेचा आलेख कागद घेऊ नका, त्या मिलिमीटरच्या रेघांनी डोळे दुखतात. लहान मुलांची गणिताची चौकटीची वही घ्या, ती यासाठीच जन्माला आलीये असं मला वाटतं. एक चौकट म्हणजे १० फूट. पहिल्या खेळाला सात-आठ खोल्या पुरे. एका सरळ रांगेत काढू नका, दोन ठिकाणी तरी वाटा फिरून एकमेकींना मिळू द्या, म्हणजे खेळाडूंना मागून जाता येतं, चकवता येतं, पळता येतं.

खोलीत काय आहे हे सुचत नसेल तर सहाचा फासा टाका, १-२ आलं तर कुणीतरी राहतं, ३ म्हणजे सापळा, ४ म्हणजे काहीतरी विचित्र, ५-६ म्हणजे रिकामी. रिकामी खोली वाया गेली असं समजू नका. दोन रिकाम्या खोल्यांनंतर तिसऱ्या दारासमोर लोक कुजबुजायला लागतात, ती भीती तुम्ही पैसे देऊन विकत आणू शकत नाही. आणि रिकामी म्हणजे अगदी ओसाड नाही, तिथे खुणा ठेवा. विझलेली चूल. कुणीतरी ओढत नेल्याचा डाग.

खुणांवरून आठवलं. पुस्तकातले राक्षस वापरा, पण आपलेही आणा. डी अँड डीच्या १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये राक्षस आहे बरं का, नावासकट, पण चित्रात वाघाचं डोकं, अंगात झगा आणि हातात पाइप, आणि तो मरतो कशाने तर मंतरलेल्या बाणाने. गायगॅक्सला तो सुचला एका अमेरिकन टीव्ही मालिकेवरून. आणि तिथलाच रस्ट मॉन्स्टर, जो लोखंड खातो आणि योद्ध्यांना रडवतो, तो आला हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांच्या पाकिटातून. आउलबेअर आणि बुलेट हे राक्षसही त्याच पाकिटातले. म्हणजे ज्याला जे हाताशी होतं ते त्याने घेतलं. मग आपल्या हाताशी काय कमी आहे का?

मी एकदा खोलीच्या दाराशी धुळीत पावलं दाखवली, अनवाणी, आतून बाहेर येणारी. दहावीतला मुलगा म्हणाला, चला, जे होतं ते बाहेर गेलं, खोली मोकळी. सगळे आत जायला निघाले. आणि आई एकदम म्हणाली, "थांबा रे. हडळ असली तर? तिचे पाय उलटे असतात." टेबलावर कुणी श्वास घेईना. पावलं बाहेर येणारी दिसतायत म्हणजे ती आत गेलीये. आईने डी अँड डीचं एक पान वाचलेलं नाही, तिला हे तिच्या आजीकडून माहीत होतं, आणि त्या दिवशी त्या माहितीने चार जीव वाचले. गॉब्लिनबद्दल, म्हणजे परदेशी गोष्टींतल्या त्या बुटक्या दुष्ट प्राण्यांबद्दल, फक्त वाचलेल्यांना माहीत असतं, पण मुंजा, खवीस, वेताळ, हडळ यांचे नियम आपल्या घरातल्या सगळ्यांना येतात, आणि ज्या खेळात खेळाडूचं स्वतःचं डोकं चालतं त्या खेळात हे सोन्यासारखं आहे.

पायरी ६: वेळ मोजा

हे कंटाळवाणं वाटेल पण करा, प्लीज करा, याच्याशिवाय भुयार म्हणजे नुसता नकाशा. खेळातली १० मिनिटं म्हणजे एक टर्न. खोलीतली एखादी जागा नीट शोधली की एक टर्न गेला. वहीत सहा चौकटींची ओळ आखा आणि दर टर्नला एक फुली मारा, सगळ्यांना दिसेल अशी. दर दुसऱ्या फुलीला सहाचा फासा टाका, १ आला तर कुणीतरी फिरत फिरत तुमच्याकडे येतंय. सहावी फुली झाली की मशाल विझली, कारण मशाल ६ टर्नच जळते, आणि तासात एक टर्न बसून विश्रांतीही घ्यायची असते.

आता बघा काय होतं. खेळाडू म्हणतात, ही भिंत नीट तपासू. तुम्ही फुली मारता. ते म्हणतात अजून एकदा. दुसरी फुली, फासा खुळखुळतो. तिसऱ्यांदा कुणी म्हणत नाही. तुम्ही काही बोललाही नाहीत आणि त्यांना कळलं की वेळ म्हणजे उजेड आणि उजेड म्हणजे जीव.

दोन कामं खेळाडूंमध्ये वाटून द्या. एक मॅपर, जो तुमच्या वर्णनावरून त्यांचा नकाशा काढेल, आणि एक पुढारी, जो सगळ्यांचं ऐकून शेवटी "आम्ही हे करतोय" असं सांगेल. पुढारी नसला तर पाच जण एकदम बोलतात आणि कोण दारात आहे आणि कोण मागे यावरून भांडणं होतात.

पायरी ७: सांगा, हात आखडता घेऊ नका

माझा पहिला खेळ फसला होता आणि चूक माझीच होती. मला वाटलं रेफरीचं काम लपवायचं असतं, म्हणून मी खोली सांगायची "एक खोली आहे, टेबल आहे", आणि मग टेबलाखालच्या सापळ्यात माणूस मेला की सगळे माझ्याकडे बघायचे. बरोबरच होतं त्यांचं. ज्याची चाहूलच लागली नाही त्यातून शहाणपणाने वाचणार कसं? आता मी सापळ्याची खूण आधीच सांगते. फरशीचा एक दगड बाकीच्यांपेक्षा स्वच्छ आहे. एवढंच. पुढचं त्यांनी विचारायचं. धोका दिसू द्या, तो टाळायचा कसा ते मात्र त्यांच्यावर सोडा.

आणि शब्द समजणारे वापरा. इंटरनेटवर एक जुना किस्सा फिरतो, रेफरी म्हणतो मैदानात एक गझीबो आहे, खेळाडूला तो शब्दच माहीत नाही, त्याला वाटतं राक्षस, तो हाका मारतो, उत्तर येत नाही म्हणून बाण मारतो. गझीबो म्हणजे बागेतला छत्रीसारखा मंडप. तो किस्सा वाचून मी पोर्टकलिस म्हणणं सोडलं. "वरून खाली पडणारं लोखंडी गजांचं दार" म्हणते, सगळ्यांना दिसतं. मराठीत खेळा. गुण, वस्तू, धोके, सगळं मराठीत. आमच्याकडे इंग्रजीत बोलत होते तोवर माणसं पुस्तकासारखी बोलायची, मराठीत आल्यावर ती एकदम माणसासारखी बोलायला लागली.

अजून एक, कुणी मूर्खपणा करत असेल तर अडवू नका. "असं केलंस तर असं होऊ शकतं, करतोयस ना?" असं एकदा विचारा, बस. वेक्नाचा हात आणि वेक्नाचा डोळा या खेळातल्या १९७६ पासूनच्या वस्तू आहेत, स्वतःचा हात तोडून वेक्नाचा लावला तर अफाट शक्ती मिळते. एका टेबलावर खेळाडूंच्या एका टोळीने दुसऱ्या टोळीला फसवायला वेक्नाचं डोकं अशी खोटीच वस्तू पुरून ठेवली. दुसऱ्यांनी ती शोधली, त्यावरून आपापसात मारामाऱ्या केल्या, आणि एकाने खरोखर स्वतःचं डोकं उतरवून घेतलं. रेफरीने मध्ये तोंड घातलं असतं तर हा किस्सा इतकी वर्षं कुणी सांगितला नसता.

पायरी ८: समोर कुणी आलं की

आधी तलवार नाही, आधी फासे. सहाचे दोन फासे टाका आणि समोरच्याचा मूड ठरवा. २ आले तर लगेच हल्ला, ३ ते ५ वाकड्यात आहे, ६ ते ८ गोंधळलेला, ९ ते ११ त्याला लढाईत रस नाही, १२ म्हणजे मैत्री. हिशोब करून बघा, थेट हल्ल्याची शक्यता ३६ मध्ये १ आहे. म्हणजे बहुतेक वेळा बोलायला जागा असते, आणि नव्या लोकांना हे सांगितलंच जात नाही.

आमच्याकडे खोली ३ मध्ये चार गॉब्लिन पहाऱ्यावर होते. मी फासे टाकले, ९ आले. मुलाने मंत्र तयार ठेवला होता, बहीण अंधारात सरकली होती, आणि आईने जिजाजींना सांगितलं, कारण ड्वार्फला गॉब्लिनची भाषा येते, "त्यांना विचारा ना, जेवलेत का." जिजाजींनी घसा खाकरून विचारलं. मी क्षणभर विचार केला, चूल विझलेली होती, म्हणजे नव्हतेच जेवले. मग पाठीवरच्या पिशवीतून सुकं अन्न निघालं, गॉब्लिन बसले, आणि खाता खाता त्यांनी सांगितलं की खालच्या मजल्यावरच्या हॉबगॉब्लिनांनी, म्हणजे त्यांच्या थोराड भाऊबंदांनी, त्यांचा वाटा काढून घेतलाय आणि पेटी कुठे आहे. त्या पेटीत ३०० नाणी होती.

आता एक्सपीचा हिशोब बघा. जुन्या नियमात सोन्याच्या एका नाण्याला एक एक्सपी, आणि गॉब्लिन मारला तर ५. चारही गॉब्लिन मारले असते तर २० एक्सपी, वाटून माणशी ५. पेटीचे ३०० वाटून माणशी ७५. योद्ध्याला दुसऱ्या लेव्हलला २००० लागतात, म्हणजे मारून मारून किती मारणार? नियमच सांगतोय की लढाई टाळा आणि सोनं बाहेर काढा.

लढाई झालीच तर सोपी आहे. दोन्ही बाजू सहाचा एक फासा टाकतात, जास्त आला ती बाजू आधी. हल्ल्याला वीसचा फासा, गॉब्लिनचं चिलखत ६ असतं, पहिल्या लेव्हलच्या माणसाला १९ वजा ६ म्हणजे १३ किंवा जास्त लागतात, लागला तर सहाचा फासा टाकून तेवढा जीव कमी. बस. पण एक गोष्ट विसरू नका, समोरच्यांचा पहिला माणूस पडला की आणि अर्धे पडले की दोन फासे टाकून धीर तपासा. गॉब्लिनचा धीर ७, बेरीज त्यावर गेली तर ते पळतात. शेवटच्या माणसापर्यंत कुणी लढत नाही.

आणि दुबळ्यांनाही डोकं असतं. १९८७ साली ड्रॅगन या डी अँड डीच्या मासिकाच्या संपादकीयात टकर नावाच्या रेफरीच्या कोबोल्डांची गोष्ट आली होती. कोबोल्ड म्हणजे सगळ्यात फालतू शत्रू, पण ते बोळांतून आग लावायचे, दारं बंद करायचे, भिंतीतल्या फटींतून मारायचे, आणि मोठमोठे वीर त्यांना घाबरून खालच्या मजल्यावर पळायचे. तुमच्या गॉब्लिनांचंही ते घर आहे. त्यांना वाटा माहीत आहेत.

पायरी ९: कुणी मेलं तर

मरणारच. जीव ० झाला की मेला, जुन्या बेसिकमध्ये मधलं काही नाही. पहिल्यांदा त्या दहावीतल्या मुलाचा जादूगार गेला तेव्हा तो गप्पच बसला आणि मला आत कुठेतरी तुटलं. मग आम्ही काय केलं, तर मशालजी, जो तोपर्यंत नुसता उजेड धरून उभा होता, तो त्या मुलाच्या हातात दिला. सहा गुण टाकले, दहा मिनिटांत तो पुन्हा खेळात. मेलेल्याला पुरायचं, त्याच्या वस्तू कुणाकडे गेल्या ते लिहायचं. आमच्या वहीत शेवटच्या पानावर त्यांची नावं आहेत आणि ते पान कुणी हसण्यावारी नेत नाही.

घरचे मोठे नेटवर शोधतील आणि विचारतील की हे सैतानाचं वगैरे आहे का, तर ८० च्या दशकात अमेरिकेत त्यावरून मोठा गदारोळ झाला होता, या खेळाविरुद्ध १९८४ मध्ये धार्मिक प्रचाराचं एक कॉमिकसुद्धा निघालं. समजावत बसू नका. एक खेळ त्यांना शेजारी बसवून दाखवा.

पायरी १०: उठायच्या आधी

तीन तास पुरे. भुयारातून बाहेर पडूनच थांबा, अर्ध्यात थांबलात आणि पुढच्या वेळी एक माणूस आला नाही तर त्याच्या पात्राचं काय करायचं हा घोळ होतो. नाणी वाटा, एक्सपी लिहा, किती मशाली आणि किती खुंट्या उरल्या ते लिहा. पुढची तारीख चपला घालायच्या आधी ठरवा, नंतर ग्रुपवर ठरवू म्हटलं की दोन महिने जातात. आणि खेळाडूंचा नकाशा मॅपरला घरी नेऊ द्या, तुम्ही ठेवून घेऊ नका, तो चुकलेला असला तरी दुरुस्त करू नका.

आमचा नकाशा आईकडे असतो, पोथीच्या कपाटात. दोन मशाली शिल्लक आहेत, उत्तरेच्या बोळातलं खोली ५ चं दार अजून उघडलेलं नाही, आतून काहीतरी ठोकल्याचा आवाज येतो एवढंच त्यांना माहीत आहे. मधल्या वारी कधीतरी तिचा फोन येतो, भाजी काय केली वगैरे झालं की ती हळूच विचारते, त्या दाराला कडी बाहेरून होती की आतून. बाहेरून, मी सांगते. मग थोडा वेळ ती काहीच बोलत नाही.